कर्जाआधीची वसुली



कर्जबाजारीपणा हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील फार जुना प्रश्न आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि कागदपत्रे जाळली, त्या घटनेला दीडशे वर्षे उलटून गेली. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुढे सहकारी पतपुरवठ्याची चळवळ उभी राहिली, १९४६ साली मुंबई प्रांतात सावकारी नियंत्रणाचा कायदा आला आणि १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. या साऱ्या प्रयत्नांच्या मुळाशी एक समान चिंता होती : कर्ज घेतल्यानंतर ऋणकोची पिळवणूक होऊ नये.

आज ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे, त्यात पिळवणूक कर्जापूर्वीच होते आणि कर्ज तर मिळतच नाही. ‘आपले वैयक्तिक कर्ज मंजूर झाले आहे, प्रक्रिया शुल्क तेवढे भरा, रक्कम तासाभरात खात्यावर जमा होईल,’ असा फोन येतो. शुल्क भरले जाते. मग दुसरे शुल्क निघते, मग तिसरे. अखेरीस पलीकडचा फोन बंद होतो. वृत्तपत्रांत या घटनेला चार ओळींची जागा मिळते आणि वाचणारे ‘लोभापायी फसला’ असे म्हणून पान उलटतात. हा शेरा अन्यायाचा आहे आणि वस्तुस्थितीला धरूनही नाही. लॉटरीच्या आमिषाला भुलणारा माणूस आणि मुलीच्या शिक्षणासाठी व्याजासकट फेडण्याच्या तयारीने कर्ज मागणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दुसऱ्याला फुकट काही नको असते. त्याची गरज खरी असते, फेडण्याची दानतही खरी असते. खोटा असतो तो फक्त धनको.

फसवणुकीची पायरी

या व्यवहाराची रीत समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, भिवंडीतील एका यंत्रमाग कामगाराला मुलीच्या परिचारिका अभ्यासक्रमासाठी दोन लाख रुपये हवे आहेत. बँकेच्या शाखेत त्याला पगाराची पावती आणि आयकराचे विवरण मागितले जाते. रोजंदारीवर काम करणाऱ्या या माणसाकडे दोन्ही नाहीत. मोबाइलवर त्याला एक जाहिरात दिसते : कागदपत्रांची कटकट नाही, जामीनदार नको, व्याज द.सा.द.शे. दोन. तो आपला क्रमांक नोंदवतो. दहा मिनिटांत फोन येतो. बोलणारा अत्यंत अदबीने बोलतो, ‘सर’ म्हणतो. बँकेच्या खिडकीवर ज्याला कोणी बसा म्हटले नव्हते, त्याला हा आदर नवा असतो. आधार व पॅन कार्डाची छायाचित्रे मागवली जातात आणि संध्याकाळी बोधचिन्ह, शिक्का व सही असलेले मंजुरीपत्र मोबाइलवर येते.

त्यानंतर पायऱ्या सुरू होतात. पहिली मागणी फाइल चार्जची, १,९५० रुपये. ते भरल्यावर कर्जाच्या विम्याचा हप्ता, ५,६०० रुपये, तो ‘परत मिळणारा’. मग वस्तू व सेवा कर, ९,००० रुपये. नंतर असे सांगण्यात येते की खाते क्रमांकात एक आकडा चुकल्यामुळे रिझर्व्ह बँकेने रक्कम रोखून धरली आहे. ती सोडवण्यासाठी १२,५०० रुपये. ही शेवटची रक्कम कामगाराने वस्तीतल्या एकाकडून महिना शेकडा पाच दराने उचललेली असते. एकूण २९,०५० रुपये गेले. हाती काही आले नाही. आणि साडेबारा हजारांवर दरमहा ६२५ रुपये व्याज मात्र खरोखरच सुरू झाले.

एकोणतीस हजार रुपये एकदम मागितले असते तर त्या कामगाराने दिले नसते. म्हणून ते मागितलेच जात नाहीत. प्रत्येक पायरीवर त्याच्यापुढे असलेला हिशोब निराळा असतो. पहिल्या वेळी तो १,९५० ची तुलना दोन लाखांशी करतो. दुसऱ्या वेळी त्यात आणखी एक भीती मिसळते : आता थांबलो तर आधीचे पैसे बुडाले. जितके अधिक भरले, तितके थांबणे अवघड होत जाते. गुंतलेला पैसा सोडवण्यासाठी आणखी पैसा गुंतवण्याची ही प्रवृत्ती मोठमोठ्या उद्योगपतींमध्ये आणि सरकारी प्रकल्पांमध्येही दिसते. तेव्हा ती गरिबाच्या अडाणीपणाची खूण समजण्याचे कारण नाही. पायऱ्यांची आखणी करणाराच मनुष्यस्वभाव पुरता ओळखून असतो.

पैसा आधी कोणाकडून निघतो?

खऱ्या-खोट्याची पारख करण्यासाठी अनेक खुणा सांगितल्या जातात. पत्रातील शुद्धलेखनाच्या चुका पाहाव्या, संकेतस्थळाचे नाव पाहावे, इत्यादी. त्या उपयोगी आहेत, पण पुरेशा नाहीत. फसवणारे आता निर्दोष पत्रे लिहितात. कर्ज या व्यवहाराचे स्वरूप लक्षात घेतले तर त्याहून भक्कम कसोटी सापडते.

कर्ज म्हणजे विश्वास, आणि तो धनकोने ऋणकोवर ठेवावयाचा असतो. आज पैसे द्यायचे आणि उद्या ते परत येतील अशी आशा बाळगायची, हा धोका धनको पत्करतो. व्याज हे बऱ्याच अंशी त्या धोक्याचेच मोल असते. म्हणून खऱ्या कर्जात पहिला पैसा धनकोकडून ऋणकोकडे वाहतो. ज्या व्यवहारात पहिला पैसा ऋणकोकडून निघतो, तेथे धोका पत्करणारा बदललेला असतो. तेथे कर्ज मागणाराच एका अनोळखी माणसाला विनातारण, विनाव्याज रक्कम देत असतो. नाव काहीही असो, त्या क्षणी धनको तोच झालेला असतो.

प्रक्रिया शुल्क ही कल्पनेतली गोष्ट नाही. बँका आणि वित्तसंस्था ते घेतात. परंतु वैयक्तिक कर्जात ते सामान्यतः मंजूर रकमेतूनच कापले जाते. दोन लाखांच्या कर्जावर दोन टक्के शुल्क आणि त्यावरील १८ टक्के कर धरला, तर ४,७२० रुपये कापून १,९५,२८० रुपये खात्यावर येतात. ज्याच्या हाती दोन लाख देण्यासाठी तयार आहेत, त्याला त्यातले साडेचार-पाच हजार वळते करून घेणे अवघड का जावे? ‘शुल्क माझ्या कर्जातूनच कापून घ्या आणि उरलेली रक्कम द्या,’ एवढे एक वाक्य ऋणकोने उच्चारावे. खरी संस्था म्हणेल, आम्ही तसेच करतो. खोटी संस्था नियम, संगणक, मुख्य कार्यालय अशी कारणे सांगू लागेल. त्या क्षणी संभाषण संपवावे.

याच विचारातून आणखी दोन कसोट्या निघतात. धोका पत्करणारा धनको परतफेडीची चौकशी करतो : उत्पन्न किती, आधीची कर्जे किती, हप्ता कोठून देणार? ज्याला या प्रश्नांची उत्तरे नकोच आहेत आणि ‘आज किती भरू शकाल’ एवढेच हवे आहे, त्याला परतफेडीची चिंता नाही, कारण त्याला काही द्यायचेच नाही. दुसरी कसोटी व्याजाच्या दराची. बँकेला स्वतःच्या ठेवीदारांनाच दोन टक्क्यांहून कितीतरी अधिक व्याज मुदत ठेवींवर द्यावे लागते. ती विनातारण कर्ज दोन टक्क्यांनी देईल हे गणितात बसत नाही. विनातारण वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा दहा टक्क्यांच्या वरच असतो. स्वस्ताईचा अतिरेक ही येथे भीतीची खूण आहे.

खोट्यावर विश्वास का बसतो?

कसोटी इतकी सोपी असूनही शहाणीसुरती माणसे का फसतात? याचे उत्तर फसवणाऱ्यांच्या चातुर्यात जितके आहे, तितकेच खऱ्या संस्थांच्या वागणुकीत आहे. कर्जापूर्वी काहीतरी द्यावे लागते, हा संस्कार समाजावर पिढ्यानपिढ्या झालेला आहे.

जुन्या सावकारी व्यवहारात ‘मनोती’ नावाची कापणी असे. शंभराचा रोखा लिहून घ्यायचा आणि हातावर त्याहून कमी ठेवायचे; व्याज मात्र पूर्ण शंभरावर. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने, व्याजाखेरीज खर्चाच्या नावाखाली ऋणकोकडून निरनिराळ्या रकमा उकळण्यावर बंधन घातले. २०१४ साली त्याची जागा नव्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने घेतली. तरी जनमानसात सवय राहिली. सहकारी पतसंस्थेत कर्ज हवे तर आधी सभासद व्हावे लागते, प्रवेश फी आणि भागाची रक्कम भरावी लागते. ही रीत कायदेशीर आहे आणि तिच्या मागे तत्त्वही आहे : सभासदाला मत आहे, सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, भागाचा दाखला त्याच्या हाती असतो. परंतु ज्याला तत्त्व कोणी समजावून सांगितलेले नाही, त्याच्या लक्षात एवढेच राहते की आधी भरावे लागते. गृहकर्जातही मालमत्तेचे मूल्यांकन किंवा कागदपत्रांची कायदेशीर तपासणी यांसाठी काही संस्था कर्जापूर्वी पैसे घेतात. येथे फरक पाहावा तो असा : पैसे संस्थेच्या नावे जातात, पावती मिळते, आणि जाऊन जाब विचारता येईल असे कार्यालय गावात असते.

याखेरीज एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. दाखला असो, जोडणी असो की अनुदान असो, वरखर्च केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही हा धडा गरिबाला सार्वजनिक कार्यालयांनी दिलेला आहे. मध्यस्थाला काही दिले की काम होते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. त्यामुळे फाइल चार्जची मागणी ऐकून त्याला संशय येण्याऐवजी धीर येतो : पैसे मागताहेत, म्हणजे काम होणार. भ्रष्टाचाराचे नुकसान लाचेच्या रकमेत मोजले जाते. लोकांची पारख बोथट होते, हे नुकसान कोठेही नोंदले जात नाही.

नियम काय सांगतात?

शासन आणि रिझर्व्ह बँक यांनी या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोबाइल व संगणकाद्वारे दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या बँक खात्यातच गेली पाहिजे, आणि कर्ज जुळवून देणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यावयाचे आहे. ऋणकोकडून ते वसूल करता येत नाही. २०२५ च्या सुधारित निर्देशांतही हेच तत्त्व कायम राहिले. म्हणजे ‘आमचे एजंटचे कमिशन आधी द्या,’ अशी मागणी या कर्जांच्या बाबतीत नियमातच बसत नाही.

एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने दुसरे महत्त्वाचे साधन दिले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी, करार करण्यापूर्वी, ऋणकोला समजेल अशा भाषेत मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. व्याज, शुल्क, विमा असा सर्व खर्च धरून वार्षिक टक्केवारी किती पडते हे त्यात दाखवावे लागते. त्या विवरणात नसलेले शुल्क, ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून, कर्जाच्या मुदतीत कधीही आकारता येत नाही. कार्यकर्त्यांनी हे विवरणपत्र मागण्याची सवय लोकांना लावावी. ज्याच्यापाशी असे पत्र नाही, त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

१ जुलै २०२५ पासून, नियंत्रित संस्थांनी कळवलेल्या कर्जविषयक मोबाइल ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर देण्यात येऊ लागली. यादीत नाव नसेल तर तेथून दूर राहावे, हे उघड आहे. पण नाव असले म्हणजे निर्धास्त व्हावे असेही नाही. फसवणारा बहुधा खऱ्या आणि नामांकित संस्थेचेच नाव लावतो. यादीवरून इतकेच सिद्ध होते की त्या नावाची संस्था अस्तित्वात आहे; फोनवर बोलणारा माणूस त्या संस्थेचा आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून आलेल्या फोनवर बोलणे थांबवावे आणि संस्थेच्या शाखेत जाऊन किंवा तिच्या अधिकृत क्रमांकावर आपण होऊन फोन करून विचारावे. तसेच मोबाइलवरून पैसे पाठवताना पडद्यावर ज्याच्या खात्यात रक्कम जाणार त्याचे नाव येते. वित्तसंस्थेचे शुल्क एखाद्या व्यक्तीच्या नावावर जात असेल, तर बोट तेथेच थांबले पाहिजे.

सरकारी योजनांची नावेही वापरली जातात. प्रधानमंत्री मुद्रा योजनेचे उदाहरण पुरे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कर्ज बँका, वित्तसंस्था व सूक्ष्म वित्तसंस्था देतात. मुद्रा ही संस्था त्यांना पुनर्वित्त पुरवते. ती कोणाही व्यक्तीला थेट कर्ज देत नाही. असे असताना दहा लाखांचे कर्ज मंजूर झाले असून पडताळणी व प्रक्रियेसाठी ४,५०० रुपये भरा, अशी बनावट पत्रे फिरली आणि ती खोटी असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले.

नावे बदलली तरी मागणी तीच

पुढच्या पायऱ्यांवर जी कारणे सांगितली जातात, त्यांची उत्तरे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असावीत. ‘कर्जाच्या रकमेवर वस्तू व सेवा कर आगाऊ भरा’ : मुद्दलावर असा कर नाही, कर्जावरील व्याजही त्यातून मुक्त आहे. कर असतो तो शुल्कावर, आणि तो संस्था शुल्काबरोबरच आकारते. ‘आयकराची कपात भरा’ : कर्ज हे उत्पन्न नाही, ते घेताना ऋणकोला अशी कपात भरावी लागत नाही. ‘रिझर्व्ह बँकेने रक्कम रोखली’ : रिझर्व्ह बँक व्यक्तींची कर्जे मंजूरही करत नाही आणि त्यांच्या फाइली अडवून पैसेही मागत नाही. ‘विम्याचा हप्ता भरा, नंतर परत मिळेल’ : विमा घेतलाच तर त्याची पावती विमा कंपनीची असते, आणि परत मिळणारी रक्कम आधी घेण्याचे प्रयोजनच काय?

‘तुमचा सिबिल गुण कमी आहे, तो वाढवून घेण्यासाठी पैसे भरा’ ही मागणी विशेष घातक आहे, कारण तिच्यात थोडे सत्य मिसळलेले असते. गुण खरोखरच कमी असू शकतो. पण पैसे घेऊन तो वाढवण्याचा अधिकार कोणाही एजंटाला नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. त्यात चूक असेल तर दुरुस्तीसाठी शुल्क लागत नाही. उलट तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

खेड्यांत आणि वस्त्यांत या फसवणुकीचे एक फोनविरहित रूपही आढळते. तालुक्याच्या गावी महिनाभरासाठी गाळा भाड्याने घ्यायचा, पाटी लावायची, महिलांचे गट बांधायचे, प्रत्येकीकडून विमा व फाइलसाठी हजार-दीड हजार गोळा करायचे आणि वाटपाच्या दिवशी कुलूप लावून निघून जायचे. दोनशे बायकांचे प्रत्येकी दीड हजार म्हणजे तीन लाख रुपये होतात. येथे ओळखीची गटप्रमुख मधे असल्यामुळे विश्वास चटकन बसतो, आणि पुढे दोष तिच्याच माथी येतो. गट बांधण्यापूर्वी संस्थेचा नोंदणी दाखला पाहणे आणि तिच्या मुख्य कार्यालयाकडून खात्री करून घेणे, हे काम त्या बाईवर एकटीवर टाकता कामा नये.

फसवणूक झाल्यावर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच पहिला तास मोलाचा असतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरवला जातो. तो काढून घेतला जाण्यापूर्वी वाटेत अडवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पत्रे, संदेश, फोन क्रमांक, पैसे पाठवल्याचे तपशील यांतले काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नये. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे पोलीस ठाण्यात सांगितले गेल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे लक्ष वेधावे. गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे. ओळख बदलून संगणकीय साधनांद्वारे केलेल्या फसवणुकीस माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन धोके पुढेही राहतात. आधार व पॅनच्या प्रती परक्या हातात गेलेल्या असतात, म्हणून पुढील काही महिने आपला पतअहवाल पाहून आपल्या नावावर कोणी कर्ज उचललेले नाही ना, याची खात्री करावी. दुसरा धोका असा की ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आमची फी आधी भरा’ असा नवा फोन येतो. ती त्याच खेळाची पुढची पायरी असते.

या गुन्ह्याची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. फोनवर बोलणाऱ्यांत बेकार तरुण असतात, आणि पैसे ज्या खात्यांतून फिरतात त्यांपैकी अनेक खाती थोड्या पैशांच्या मोबदल्यात वापरायला दिलेली असतात. ‘खाते काही दिवस वापरायला दे, पाच हजार देतो,’ असे सांगितले जाते आणि पुढे पोलीस खातेदाराच्या दारी येतात. युवक कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांत आणि वस्त्यांत हेही सांगितले पाहिजे की खाते भाड्याने देणे हा गुन्ह्यातला सहभाग ठरतो.

बंद दार आणि उघडे दार

सावधगिरीचा उपदेश आवश्यक आहे. तथापि तेवढ्यावर थांबणे म्हणजे संपूर्ण जबाबदारी गरजवंतावर टाकून मोकळे होणे होय. त्या भिवंडीच्या कामगाराला शाखेतून ज्या दिवशी तोंडी नकार मिळाला, त्याच दिवशी तो फसवणाऱ्याच्या जाळ्याजवळ गेला. राष्ट्रीयीकरणाने बँका खेड्यांपर्यंत नेल्या, १९७२ साली अत्यंत दुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची विभेदी व्याजदर योजना आली, १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या. शाखा वाढल्या, खाती निघाली. पण पगाराची पावती नसलेल्या माणसाला आजारपणासाठी वा शिक्षणासाठी वेळेवर पन्नास हजार मिळावेत, ही व्यवस्था अद्याप अपुरीच आहे. खाते उघडून मिळणे ही एक गोष्ट आणि पत मिळणे ही दुसरी.

या ठिकाणी एक विस्मृतीत गेलेला हक्क पुन्हा जागा करण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने २००३ साली बँकांना रास्त व्यवहाराची संहिता घालून दिली. कर्जअर्जाची पोच दिली जावी, प्रक्रियेचे शुल्क किती आणि अर्ज नामंजूर झाल्यास त्यातले किती परत मिळणार हे अर्जाच्या नमुन्यातच लिहिलेले असावे, आणि दोन लाखांपर्यंतच्या कर्जात नकाराची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे त्यात होते. २००७ साली लेखी कारणांचा हा नियम सर्व कर्जांना लागू करण्यात आला. प्रत्यक्षात काय घडते? अर्ज घेतलाच जात नाही. ‘तुमचे होणार नाही’ असे खिडकीवर सांगितले की पोच नाही, कारण नाही आणि तक्रारीला आधारही नाही. लेखी नकार मिळाला तर माणसाला कळते की त्याच्यापाशी कोणता कागद कमी आहे, पतअहवालात कोणती चूक आहे, की दुसऱ्या कोणत्या योजनेत तो बसतो. काही न कळता परतलेल्या माणसाला मात्र मोबाइलवरचा गोड आवाज हाच एक आधार वाटतो.

तेव्हा कामाची दिशा स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेच्या गावी दोन कार्यकर्त्यांनी आठवड्यातला एक दिवस द्यावा. कर्ज हवे असलेल्यांचे अर्ज भरून द्यावेत, पोच घेतल्याशिवाय परतू नये, नकार आला तर तो लेखी मागावा आणि तो मिळत नसेल तर बँकेच्या वरिष्ठांकडे, तेथेही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. कामगार संघटनांनी आणि बचत गटांनी आपल्या सभासदांना एक साधी गोष्ट सांगून ठेवावी : कर्जासाठी कोणीही आधी पैसे मागितले, तर भरण्यापूर्वी एका माणसाला विचारा. त्या एका माणसाचे नाव व फोन क्रमांक संघटनेने जाहीर करावा. फसवणाऱ्याचे सारे बळ घाईवर आणि गुप्ततेवर उभे असते. म्हणूनच तो ‘आजच भरा’ आणि ‘कोणाला सांगू नका’ असे वारंवार बजावतो. विचारण्यासाठी हक्काचे माणूस असले की घाईही संपते आणि गुप्तताही.

जे आधीच फसले आहेत, त्यांना सभेत उभे राहून सांगण्याचा धीर द्यावा. त्यांच्याकडे हसून पाहणाऱ्यांना सभाध्यक्षांनी तेथेच थांबवावे. एका माणसाने शरमेने गप्प राहायचे ठरवले, की त्याच वस्तीतल्या दुसऱ्याला तोच फोन येतो आणि त्याला सावध करणारे कोणी नसते.